मसूर स्टेशनाबाहेरचा रस्ता

‘लोकलच्या डब्यात जात नसते’ हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. महानगरीय साहित्यावरचा परिसंवाद असो की मुंबईवरचा गौरवग्रंथ असो, ते कुठे ना कुठे येतेच. अलीकडेच एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी ते पुन्हा उच्चारले. गर्दीत खांद्याला खांदा लागतो, ब्राह्मणाचा घाम महाराच्या सदऱ्याला लागतो, तेव्हा लोकलइतका मोठा समाजसुधारक या शहरात झाला नाही, असे त्यांचे म्हणणे. सभागृहात टाळ्या झाल्या. मी रात्रमहाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे विद्यार्थी दिवसभर काम करून, दोन गाड्या बदलून वर्गात येतात. त्यांच्यापैकी दोघे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. का वाजवल्या नाहीत, हे मी त्यांना विचारले नाही. पण तेव्हापासून या वाक्याचा हिशेब करावा, असे माझ्या मनात होते.

वाक्य साफ खोटे नाही. रेल्वेने तिकीट विकताना जात विचारली नाही, हे आपल्या समाजाच्या इतिहासातले लहान पाऊल नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ज्या देशात विहीर वेगळी, वाट वेगळी आणि स्मशानही वेगळे, त्या देशात पैसे मोजणाऱ्या कोणालाही बसू देणारे एक वाहन तेव्हा आले. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे ओळखले होते. पण माणूस रेल्वेच्या डब्यात राहत नाही. तो डब्यात चढतो आणि डब्यातून उतरतो. उतरल्यावर त्याला कुठेतरी जायचे असते. टाळ्या वाजवणारी समीक्षा फलाटावरच थांबते. मला फलाटाच्या पुढचे बोलायचे आहे.

त्यासाठी आपल्याच घरातला एक ग्रंथ आहे. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेसे आत्मकथन पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली. नवे कपडे, नव्या टोप्या, खिशात पैसे. गाडीने ती मसूर स्टेशनावर सुखरूप उतरतात. रेल्वेच्या प्रवासात काहीही होत नाही. जे होते ते उतरल्यावर होते. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो आणि मुले ‘महार’ म्हणताच त्याचा चेहरा पालटतो. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या आहेत, पण एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल होतो, आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्र पडते. जवळ भाकरी आहे, पाणी नाही. टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितले तर तेही मिळत नाही.

त्यातलाच आणखी एक प्रसंग चाळीसगावचा, १९२९ सालचा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर असलेले. रेल्वेने चाळीसगावला उतरतात. स्टेशनापासून महारवाड्याकडे जायला टांगा हवा. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार देतात. वस्तीतली माणसे तडजोड करतात : टांगा भाड्याने घ्यायचा, हाकणारा आपला. हाकणाऱ्याला सवय नाही. मोरीवर चाक अडकते, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात आणि पाय मोडतो.

हे दोन्ही प्रसंग आपल्याला पाठ आहेत. आपण ते अपमानाच्या कथा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मला आपल्या दलित समीक्षेबद्दल एक तक्रार आहे. या कथा कुठे घडतात याकडे आपण पाहिलेच नाही. दोन्ही कथा स्टेशनाबाहेर घडतात. रेल्वे संपते आणि घर अजून आलेले नसते, त्या मधल्या तुकड्यात जात दबा धरून बसलेली आहे. आजचे नगररचनाकार या तुकड्याला ‘लास्ट माइल’ म्हणतात आणि तो नवा शोध असल्यासारखे त्यावर चर्चासत्रे भरवतात. मसूर ते गोरेगाव हा लास्ट माइलच होता. तिथे वाहन नव्हते असे नाही. वाहने ओळीने उभी होती.

बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आले. त्यातली शीर्षककथा आपण जात लपवण्याची कथा म्हणून शिकवतो. मीही तशीच शिकवत आलो. पण ती रेल्वेच्या नोकरीची कथाही आहे. नायक उधन्याला रेल्वेत कामाला जातो. नोकरी मिळते, अडते ते राहायच्या खोलीपाशी. पाठ टेकायला जागा हवी म्हणून जात चोरावी लागते, आणि उघडी पडल्यावर मार खावा लागतो. १९०१ सालची बैलगाडी आणि बागुलांच्या कथेतली खोली यांच्यात एक सरळ रेघ आहे. यंत्र माणसाला घेते. यंत्राभोवतीचे गाव त्याला घेत नाही.

आता मुंबईकडे येतो. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि समुद्रावरची हवा शहरात खेळवायची, असा त्याचा विचार होता. रस्ते झाले. ज्यांची घरे पाडली त्यांच्यातली बरीच माणसे शेजारच्या दाटीत आणखी दाटीने राहिली. ट्रस्टने आणि नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे काढली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या बीडीडी चाळींनी आपल्या चळवळीला माणसे दिली, शाहीर दिले आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीला हुतात्मेही दिले. या चाळी सोयीच्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. सामाईक संडास, एकेका खोलीत आठ-आठ माणसे. पण एक गुण त्यांच्यात होता, आणि तो आपण गमावल्यावरच मला कळला : त्या कामाच्या जवळ होत्या. गिरणीचा भोंगा झाला की माणूस चालत कामावर जाई. त्याचा लास्ट माइल त्याच्या पायात होता.

पुढची साठ-सत्तर वर्षे मी भरभर ओलांडतो. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. १९६४ चा विकास आराखडा, १९७० चे सिडको, नवी मुंबईचे स्वप्न. त्या स्वप्नाला रेल्वे मिळायला १९९२ उजाडले. हा इतिहास इतरांनी लिहिला आहे. मला माहीत आहे ते माझ्या घरचे.

आम्ही कुर्ल्याला हार्बर मार्गाच्या रुळांलगत राहत होतो. आई महापालिकेच्या झाडूखात्यात होती. सकाळी साडेसहाला हजेरी. घरातून सहाला निघाली की चालत वेळेवर पोहोचायची. दार उघडले की समोर गाडी. बोलताना गाडी आली की थांबायचे आणि गेली की वाक्य पुढे चालू करायचे, अशी आमच्या घरातल्या सगळ्यांचीच सवय. सरकारी कागदावर आम्ही अतिक्रमण होतो. मग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प आला. जागतिक बँकेने २००२ साली त्याला कर्ज मंजूर केले, पण रुळांकडेच्या वस्त्या हलवायला त्याच्या आधीच सुरुवात झाली होती. रूळ वाढवायचे, गाड्यांचा वेग वाढवायचा, म्हणून हजारो कुटुंबे उठवली गेली. आम्ही २००१ साली मानखुर्दला गेलो. २२५ चौरस फुटांची खोली, सात मजली इमारत. आमचे नाव बदलले : अतिक्रमणाचे आम्ही ‘प्रकल्पबाधित’ झालो.

प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ती खोली आईला आवडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला घरात संडास मिळाला. पावसात छत गळले नाही. पहिल्या रात्री ती किती तरी वेळ नळ उघडून बंद करत होती. पुनर्वसनावर टीका करणारे आमचे काही पुरोगामी मित्र हा नळ विसरतात. तो विसरून केलेली टीका मला मान्य नाही.

पण घर आणि हजेरीची चौकी यांच्यात जे आले त्याचा विचार कोणी केला नव्हता. मानखुर्द ते कुर्ला गाडी पाव तासात नेते. अडचण गाडीची नव्हतीच. इमारतीपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता पहाटे पाचला अंधारा. खांबावर दिवे होते, पण लागलेले क्वचितच दिसत. कुत्री. त्या वेळी बस नाही, वाटून घ्यायची रिक्षा नाही. वळसा घालून गेले तर गाडी चुकते. मग सगळ्या बायका काय करत? रुळांवरून जात. पूल दूर, रूळ जवळ. तिच्याबरोबर जाणारी एक बाई अशाच एका पहाटे गेली. धुके होते असे म्हणतात. आईने तिच्यावर टाकायला स्वतःची शाल दिली आणि त्या दिवशीही हजेरी लावली, कारण खाडा परवडणारा नव्हता.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. कायदा त्यांना अपराधी म्हणतो. रेल्वे अधिनियमाचे कलम १४७. म्हणजे माझ्या आईचा प्रवास पाहा. रुळांजवळ राहत होती तेव्हा ती अतिक्रमण. रुळांना जागा करून देण्यासाठी उठली तेव्हा प्रकल्पबाधित. आणि उठवल्यामुळे रूळ ओलांडू लागली तेव्हा गुन्हेगार. जातिव्यवस्थेने माणसाला एकच नाव देऊन ठेवले होते. नियोजन दर दहा वर्षांनी नवे देते.

कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? रूळ कोणत्याही जातीच्या माणसाला मारतो. खरे आहे. पण पहाटे साडेसहाला झाडूच्या चौकीवर हजेरी कोण लावते? शहर उठण्याआधी शहर झाडायचे, हे काम कोणाकडे आले? आणि बसचे वेळापत्रक, मेट्रोचे वेळापत्रक, रस्त्यावरचे दिवे हे कोणाच्या कचेरीची वेळ धरून आखले जातात? सकाळी नऊची गर्दी नियोजनकारांना दिसते, कारण त्या गर्दीत त्यांचे भाऊबंद आहेत. पहाटे पाचची गर्दी त्यांना दिसत नाही. तिच्यातली माणसे आपली आहेत. प्रवाशांची पाहणी करणारा वय विचारतो, उत्पन्न विचारतो, घरी वाहन आहे का विचारतो. माझ्या दाराशी आलेल्या पाहणीत जातीचा रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून जात नाही, असा निष्कर्ष काढणे हे लोकलच्या त्या वाक्याचेच शास्त्रीय रूप आहे.

टाळेबंदीत हे एकदा उघडे पडले. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. १५ जून २०२० पासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. जन्मभर ज्यांच्या सावलीपासून लोक दूर राहिले, ते झाडूवाले एकाएकी अत्यावश्यक ठरले. पण ओळखपत्र हवे. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा कंत्राटावर कचऱ्याच्या गाडीवर होता. त्याच्या कंत्राटदाराने त्याला कधी ओळखपत्र दिलेच नव्हते, कारण दिले असते तर तो कामगार आहे हे सिद्ध झाले असते. तो मानखुर्दहून कुर्ल्यापर्यंत महामार्गाच्या कडेने चालत जाई. त्याचे काम अत्यावश्यक होते. तो नव्हता.

आराखडाही साहित्यासारखा वाचता येतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. त्यालाही नायक असतो, त्यातही मौन असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी परत घ्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. तो पहिला नकाशा आम्ही वर्गात भिंतीवर लावला होता. श्रीमंत भागातली बाग, शाळा, गल्ली सगळे रंगवून दाखवलेले. झोपडपट्टी आली की आतला तपशील संपतो. गल्ली नाही, बालवाडी नाही, बुद्धविहार नाही. एक विद्यार्थिनी बराच वेळ बोट फिरवत स्वतःचे घर शोधत होती. शेवटी म्हणाली, ‘सर, आम्ही कोऱ्यात राहतो.’

या कथेचा नायक मोटार आहे. नव्वदीच्या दशकाअखेर पन्नासावर उड्डाणपूल, २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा ईस्टर्न फ्रीवे, जानेवारी २०२४ चा अटल सेतू, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेला सागरी किनारा रस्ता. शेवटच्या चौघांवर दुचाकीलाही बंदी आहे. एकट्या किनारा रस्त्याचा खर्च सुमारे तेरा हजार कोटी रुपये, आणि तो करणारी महापालिका तीच, जिचा बेस्ट उपक्रम बस विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून भाड्याच्या बस चालवतो. पायी चालणाऱ्यासाठी २००८ पासून स्कायवॉक आले. त्याला वर चढवले, म्हणजे खालचा रस्ता वाहनांना मोकळा. या महानगर प्रदेशात सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होतात, हे प्राधिकरणाच्या स्वतःच्या अभ्यासात आले होते.

दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. किमान भाडे म्हणजे पहिल्या पाच किलोमीटरचे. म्हणजे जो घरापासून स्टेशनापर्यंत किंवा स्टेशनापासून कामापर्यंत बसने जातो त्याचे. मसूरच्या गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले होते. इथेही दुप्पटच झाले, फक्त यात कोणाचाही चेहरा पालटला नाही. टोलनाकेदाराने मुलांना पाणी दिले नव्हते. आताच्या नाक्यावर मोटारवाल्याला हात दाखवून सोडतात.

रस्त्याबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. गोळीबारात दहा जण मारले गेले. महामार्गावरचे गॅसचे टँकर जमाव पेटवणार होता, असे समर्थन पुढे आले. गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही. आज ईस्टर्न फ्रीवेचा ठाण्याकडचा विस्तार त्याच वस्तीच्या अंगणातून जायचा आहे आणि वस्तीच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले आहे. लोकांना तिथल्या तिथे घरे मिळायची आहेत आणि ती मिळावीत. पण ज्या महामार्गाच्या कडेला ही माणसे तीन पिढ्या राहिली, त्यावर सुरक्षित चालायला त्यांना काय मिळाले, हे तिथल्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारावे.

आता आपल्याबद्दल. ‘गोलपिठा’ने १९७२ साली, ‘बलुतं’ने १९७८ साली मराठीला या शहराचे पोट दाखवले. वस्ती आपण लिहिली. पण वस्तीतून बाहेर जाणारा रस्ता आपण लिहिला नाही, आणि आपल्या चळवळीनेही तो मागितला नाही. स्टेशनाला नाव देण्यासाठी आपण मोर्चे काढले. मीही त्यांत होतो आणि मला त्याची लाज नाही. पण पहाटे पाचच्या बससाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. एकदा आम्ही विद्यार्थ्यांनी मिळून तसा अर्ज केला. बससाठी गेलो तर रस्ता अरुंद आहे, दुसऱ्या खात्यात जा म्हणाले. त्या खात्याने पूल रेल्वेकडे आहे म्हणून सांगितले. रेल्वेच्या कचेरीत स्टेशनाबाहेरचे आमच्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. साधारण एक किलोमीटरची वाट, आणि तिचे चार मालक. चौथ्या कचेरीतला कारकून भला होता. त्याने खुर्ची दिली, चहा पाजला आणि अर्ज ठेवून घेतला. त्याला आता सहा वर्षे झाली.

आई २०१२ साली निवृत्त झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मी तिला हौसेने घेऊन गेलो. आरेपर्यंत जाऊन परत आलो. सरकते जिने, गार हवा, लख्ख फरशी. फरशी पाहून ती म्हणाली, ‘बायका चांगल्या आहेत रे इथल्या कामाला.’ गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघत होती. मग विचारले, ‘सकाळची पहिली गाडी कितीला सुटते?’

तेव्हा पहिली गाडी साडेसहाला सुटत असे. मी तसे सांगितले.

‘साडेसहाला तर आमची हजेरी व्हायची,’ ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघू लागली.